छाटणी आणि तोड

कवी माणूस रेडिओवर आला की लोक कवितेची वाट पाहतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, आज कविता नाही. आज मी फुटबॉलबद्दल बोलणार आहे आणि तेही तक्रारीच्या सुरात. ही तक्रार मी गेली काही वर्षं घरात, मशिदीच्या पायरीवर, केळशी-दापोली एस.टी.त, सापडेल त्याला ऐकवत आलो आहे. ऐकणारे दमले. आता तुमची पाळी.

तक्रारीची सुरुवात एका प्रश्नापासून होते. २०१७ च्या मे महिन्यात माझा पुतण्या सुट्टीत गावी आला होता. वय वर्षं नऊ. अंगात मुंबई एफसीची पिवळी जर्सी, मीच घेऊन दिलेली, दोन मापं मोठी. संघ त्या वर्षी आय-लीगमध्ये दहा संघांत दहावा आला आणि खालच्या वर्गात घसरला. पुतण्याला त्याचं फार वाटलं नव्हतं. शाळेत कुणी नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसतं, एवढं त्याला कळत होतं. पण पुढे बातमी आली की संघच बंद होणार, तेव्हा त्यानं विचारलं, "चाचा, आता आपली टीम कोणती?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण हा प्रश्न मी स्वतःला त्याआधी सात वर्षांपूर्वी विचारून बसलो होतो.

मी बी.ए.ला मुंबईत होतो तेव्हा नागपाड्याला मामूंकडे राहायचो. मामूंना दोनच शौक, उर्दू मुशायरा आणि कूपरेजवरचा फुटबॉल. मला दोन्ही लागले. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स कप स्पर्धा तेव्हा अजून भरत होती. कोलकात्याचे मोठे संघ यायचे आणि मामू मोहम्मेडन स्पोर्टिंगसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे. मी मात्र मुंबईच्या संघांच्या बाजूनं. मामू म्हणायचे, "तुझे संघ कंपनीचे, माझा संघ लोकांचा." ते मला तेव्हा टोमण्यासारखं वाटायचं.

त्या कंपन्यांच्या संघांत महिंद्राचा संघ १९६२ पासूनचा. नंतर तो महिंद्रा युनायटेड झाला आणि २००५-०६ मध्ये डेरिक परेरांच्या प्रशिक्षणाखाली त्यानं राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघानं ही लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीनं संघ बंद केला. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं असं कारण दिलं गेलं. कारण वाईट नव्हतं. पण मुलांनी शाळेत फुटबॉल शिकून मोठं झाल्यावर खेळायचं कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून मग मुंबई एफसी. हा संघ २००७ मध्ये निघाला, २००८ मध्ये दुसऱ्या विभागातून जिंकून वर आला. श्रीमंत संघ नव्हे. सामना बरोबरीत सोडवण्यात तर आमचा हातखंडा. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक, हरलं की शून्य. एकेक गुण वेचत आम्ही दरवर्षी तळापासून थोडे वर राहायचो. हे काम २००९ पासून सात वर्षं खालिद जमील यांनी केलं. ते आधी महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडूनच खेळलेले, दुखापतींमुळे लवकर थांबलेले. बघणाऱ्याला हा खेळ कंटाळवाणा वाटायचा, मलाही वाटायचा. चार शिव्या मीसुद्धा घातल्या आहेत, त्या आज परत घेतो.

परत घेण्याचं कारण असं. २०१६ मध्ये खालिद यांचा आणि संघाचा संबंध संपला. ते मिझोरममध्ये ऐजॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्याच हंगामात आय-लीगमधून खाली घसरलेला. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंगसारख्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळाली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीकडून खेळलेले दोघेही तिथे गेले. आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉल भारताचं विजेतं झालं. बरोबरी साधून! ईशान्येतल्या कुठल्याही संघाला राष्ट्रीय लीग आधी कधी मिळाली नव्हती. त्याच हंगामात, त्याच तक्त्यात, सगळ्यात खालच्या ओळीत आमचा मुंबई एफसी. हंगामाच्या मध्यावर आम्ही प्रशिक्षकही बदलून पाहिला होता. खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ऐजॉलला जे सोन्यासारखं ठरलं ते आमच्या घरात होतं. आम्ही ते जुनं म्हणून हातचं जाऊ दिलं. संघ कमजोर झाला की मालकापासून माझ्यासारख्या प्रेक्षकापर्यंत सगळ्यांना एकच उपाय सुचतो, नवं आणा. नवा प्रशिक्षक, नवे परदेशी, नवा रंग. नवं येताना जुनं काय चाललं आहे याची यादी कोणी करत नाही. आणि पाय एकमेकांना ओळखायला वेळ लागतो. बचावातल्या चौघांनी दोन हंगाम एकत्र काढले की कोण कधी पुढे सरकणार हे त्यांना न बघता कळतं. चारातले तीन बदलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे मला आमच्या आंब्याकडे यावं लागेल. अब्बांनी लावलेली हापूसची झाडं चाळीस वर्षांची झाली, आकाशाला भिडली, आतमध्ये ऊन शिरेना आणि फळ जवळजवळ थांबलं. मी तोडायला निघालो होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या एका सरांनी थांबवलं. म्हणाले, झाड म्हातारं झालंय, मेलेलं नाही. जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत त्यांनी समजावली. पाऊस संपला की मोठ्या फांद्या ठरावीक उंचीवर कापायच्या, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावायची, खोडकिडा शिरत नाही ना यावर डोळा ठेवायचा. मग फुटव्यांची गर्दी होते, त्यातले मोजके जोमदार ठेवून बाकीचे काढायचे. पहिली दोन वर्षं आंबा मागायचा नाही. कापलेली झाडं बघून शेजाऱ्यांनी माझी कीव केली. पण मूळ जुनंच होतं, खोल गेलेलं. तिसऱ्या वर्षी मोहोर आला.

संघाचं असंच आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. मूळ ठेवा, फांद्या छाटा, आणि दोन वर्षं आंबा मागू नका. एका हंगामात एक तृतीयांशापेक्षा जास्त खेळाडू बदलू नयेत, प्रशिक्षकाला तीन हंगाम द्यावेत. गोल करणारा माणूस घरचा तयार करावा. आपल्याकडे परदेशी खेळाडूंची जागा बहुतेक वेळा पुढच्या फळीत जाते. मग घरचा पोरगा बचाव शिकतो, मधली फळी शिकतो, गोल मारायला शिकत नाही, आणि राष्ट्रीय संघ एका गोलसाठी तरसतो. मैदान तर हवंच. कूपरेजची दुरुस्ती चालली होती तेव्हा मुंबई एफसीचे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. नाव मुंबई, घर पुणे. एवढा द्राविडी प्राणायाम करून किती लोक गेले असतील? मी एकदाच गेलो. संघ हरला आणि परतीची गाडीही चुकली.

आता तुम्ही म्हणाल, झाडाचा मालकच कुऱ्हाड घेऊन आला तर छाटणीचं शास्त्र काय कामाचं? खरी गोष्ट हीच आहे. महाराष्ट्रातले व्यावसायिक संघ हरून मेले नाहीत. महिंद्रा युनायटेड विजेता होऊन मेला. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, त्याची अकादमी चांगली म्हणून नावाजलेली, तरी २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद. भारत एफसी पुण्यातच निघाला आणि एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला थांबला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे नोकरी देणारे संघ, त्यांना २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून लीगबाहेर जावं लागलं. एवढी नावं घेतली तर फातिहा पढल्यासारखं वाटतं. कंपन्यांना मी दोष देत नाही. पैसा त्यांचा, ताळेबंद त्यांचा. तोट्याचं खातं बंद करायचा त्यांना हक्क आहे. पण त्या खात्यात आमचंही काही जमा होतं, त्याची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

उलट कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. हे संघ व्यावसायिक लीगमध्ये नाहीत, पण पिढ्यान् पिढ्या खेळत आहेत आणि शाहू स्टेडियम भरतं. पाटाकडीलचा संघ एखाद्या वर्षी सपाटून हरला म्हणून बंद करतो, असं म्हणायची कुणाची छाती आहे? पेठ घरी येऊन विचारील. त्या प्रेमाला दुसरी बाजू आहे, तिथे मारामाऱ्याही होतात आणि सामन्याला पोलिसांचा बंदोबस्त लागतो, ते मी लपवत नाही. पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याच्या गावाला फुटबॉल म्हणजे काय हे कुणी शिकवायला जावं लागलं नव्हतं.

मामूंचा मोहम्मेडन स्पोर्टिंग २०१४ मध्ये पैशाअभावी मुख्य संघ बंद करण्यापर्यंत आला होता. पण नाव होतं, सभासद होते, शतकाहून जास्त जुनी ओळख होती. परत उभा राहायला काहीतरी शिल्लक होतं. २०२३-२४ मध्ये त्यानं आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगमध्ये गेला. तिथे पहिल्याच हंगामात तळाला आला, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मामूंचा आत्मा मला फार खूश होऊन भेटायला यायचा.

जर्मनीत नियमच आहे, क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे राहिलं पाहिजे, अपवाद थोडे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचाच नवा क्लब काढला. अगदी खालच्या पायरीपासून खेळत २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लो लेनवर नवं मैदान बांधून परत आले. अठरा वर्षं लागली.

आपल्याकडे चाहत्यांच्या वर्गणीवर व्यावसायिक संघ चालणार नाही, हे मला कळतं. खेळाडूंचे पगार, प्रवास, परवाना, हॉटेलं, हा खर्च कंपनीच उचलू शकते. माझी मागणी लहान आहे. कंपनीनं चालवावं, पण नाव, रंग आणि लहान मुलांचे संघ हे सभासदांच्या संस्थेकडे असावेत. वर्षाला शंभर रुपये भरणारे पाच-दहा हजार सभासद आणि त्यांचे दोन प्रतिनिधी कारभारात. मालक उद्या गेला तर मुख्य संघ खालच्या लीगमध्ये जाईल, कदाचित जिल्हा पातळीवर खेळेल. पण असेल. आमच्या केळशीत चैत्रात महालक्ष्मीचा रथ निघतो, याकूबबाबांचा उरूस भरतो. खर्चाला हात देणारे बदलत राहतात. या वर्षी अमुक शेठनं पैसे दिले नाहीत म्हणून रथ कायमचा बंद, असं कुणाच्या मनात तरी येतं का?

पुतण्या आता कॉलेजात आहे. मध्यंतरी तो मुंबई सिटीचा झाला. २०२०-२१ ला त्या संघानं साखळीही जिंकली आणि करंडकही, तेव्हा त्यानं रात्री फोन करून मला उठवलं. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. मग २०२५ च्या जुलैमध्ये सुपर लीगच्या आयोजकांनी नवा हंगाम थांबवून ठेवला. महासंघाबरोबरचा त्यांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. पुन्हा त्याचा फोन. या वेळी संघ नाही, अख्खी लीगच अधांतरी. आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. फक्त म्हणाला, "चाचा, तुमचं ते शंभर रुपयांचं काय झालं?"

काही झालेलं नाही. त्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा ओहोटीला किनाऱ्यावर पोरं खेळत होती. ओली वाळू घट्ट असते, चेंडू चांगला पळतो. गोलला दोन वल्ही रोवलेली. धाकट्या भावाच्या अंगात ती पिवळी जर्सी, आता अगदी मापात बसलेली. भरती यायला तासभर होता. पुतण्यानं चपला काढल्या, मला धरायला दिल्या आणि खेळायला गेला.