रात्रीच्या वाटेवरील सायकलचा दिवा

शेतकऱ्याचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपतो, असा शहरांतील लोकांचा समज असला तरी आमच्या वाचकांस वस्तुस्थिति ठाऊक आहे. पंपाच्या विजेची पाळी रात्रीं आली म्हणजे मळ्याची वाट अंधारांतच तुडवावी लागते. पहाटेचें दूध उजाडण्यापूर्वीं केंद्रावर पोंचवावें लागतें. आम्हीही महसूल खात्यांत असतां वसुलीच्या दिवसांत रात्रीं-अपरात्रीं सायकलीनें पुष्कळ फिरलों आहों. त्या अनुभवावरून दिव्याच्या निवडीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम मागच्या दिव्याविषयीं. पुढचा खड्डा दिसला नाहीं तर बहुधा गुडघा फुटेल. परंतु मागून येणाऱ्या मालमोटारीस आपण दिसलों नाहीं, तर प्रसंग प्राणावरच येतो. असें असूनही लोक सारा पैसा पुढच्या दिव्यावर खर्च करितात. आमचें मत असें कीं, पहिला खर्च मागच्या तांबड्या दिव्यावर व्हावा. तो स्थिर जळणारा असावा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, परंतु काळोखांत त्यावरून अंतराचा अजमास नीट होत नाहीं. जर्मनींत तर सायकलीस तसल्या दिव्याची मनाईच आहे. जोडीस तांबडा रिफ्लेक्टर अवश्य असावा, कारण सेल संपला तरी त्याचें काम थांबत नाहीं. दिवा मागच्या मडगार्डवर खालीं बसवावा. बैठकीखालीं बसविल्यास वैरणीच्या पेंडीनें किंवा दुधाच्या कॅननें तो झांकून जातो.

आतां पुढचा दिवा. तासीं 20 किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदांत सुमारें साडेपांच मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 8 मीटर तेवढ्यांतच संपतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबावयास आणखी 5-6 मीटर लागतात. खडीवर व चिखलांत त्याहून अधिक. यास्तव निदान 25 मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. गाळपाच्या हंगामांत उसाची ट्रॉली दिव्याविना रस्त्यांत उभी असते, हें ध्यानांत घेतां ही अपेक्षा जास्त नव्हे.

दुकानदार ल्यूमेनचा आंकडा सांगतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून निघणारा एकंदर प्रकाश. तो कोठें पडतो, हें त्यावरून कळत नाहीं. तें लक्सवरून कळतें. 10 मीटरवर जितके लक्स, त्याच्या चौथाई 20 मीटरवर उरतात. हँडलास बांधलेल्या साध्या बॅटरीचा झोत गोल असतो. त्यांतील बराच प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर वायां जातो. दिपलेला मोटारसायकलस्वार आपल्याच अंगावर येण्याचा संभव! वरची कड कापलेल्या झोताचे दिवे मिळतात, तेच पसंत करावे. भिंतीसमोर सायकल उभी करून पाहावें. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीहून वर जातां कामा नये.

रोजच्या प्रवासास डायनॅमो उत्तम, कारण त्यास चार्जिंगची चिंता नाहीं. मात्र टायरला घासणारा डायनॅमो काळ्या रानाच्या चिखलांत घसरतो. चाकाच्या हबमधील मिळाल्यास तो घ्यावा. सेलवरचा दिवा घेतल्यास वेष्टनावरील तासांवर विसंबूं नये. ते पुष्कळदां मंद प्रकाशाचे असतात. पूर्ण प्रकाशावर तो किती वेळ टिकतो, हें घरीं घड्याळ लावून पाहावें. पावसाळ्यासाठीं निदान आयपीएक्स 4 दर्जा असावा. म्हणजे शिंतोड्यांनीं तो बिघडत नाहीं. लिथियमचा सेल उन्हांत तापूं देऊं नये.

शेवटीं एक विनंति. पुष्कळ बागाईतदार स्वतः मोटारसायकल वापरतात आणि जुनी सायकल सालगड्यास देतात. तिला दिवा नसतो. रात्रीं पाण्याच्या पाळीवर ज्यास आपण पाठवितों, तो सुखरूप परत यावा, ही जबाबदारी धन्याची आहे. खतांच्या व औषधांच्या हिशेबांत दोन दिव्यांची किंमत ती काय? येत्या बाजारच्या दिवशीं आपल्या वाड्यांतील प्रत्येक सायकलीची मागची बाजू एकदां पाहावी, एवढेंच आमचें सुज्ञ वाचकांस सांगणें आहे.