बाटलीतल्या कणांची थरथर

लासलगाव-निफाड पट्ट्यात कांद्याची लागण आटोपली की कृषी सेवा केंद्रात युरियाच्या गोणीशेजारी अर्ध्या लिटरची बाटलीही विचारली जाते. नॅनो युरिया. लिटरभर पाण्याला २ ते ४ मिलिलिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला फार तर ६०.

२०२१ साली खत नियंत्रण आदेशात या खताचा समावेश झाला, तेव्हा कणांच्या मापाची अटही आली. किमान निम्मा माल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २० ते ५० नॅनोमीटरचा हवा आणि द्रवात मोजला तर २० ते ८० चा. एकाच कणाची दोन मापं कशी? सूक्ष्मदर्शकाखाली कण कोरडा असतो. पाण्यात हलताना तो स्वतःभोवती पाण्याचा थर ओढत नेतो.

द्रवातलं हे माप प्रकाश घेतो. अंधाऱ्या खोलीत पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून बॅटरी मारा: झोताची वाट पाण्यात उजळते, कारण दुधातले कण प्रकाश चहूकडे उधळतात. बॅटरीऐवजी लेसर असला, की हा उधळलेला प्रकाश सारखा लुकलुकतो. पाण्याचे रेणू कणांना अखंड धक्के देत असतात. बारीक कण चटचट हलतो, मोठा संथपणे. यंत्र लुकलुकण्याचा वेग टिपतं आणि आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून व्यास काढतं. या पद्धतीचं नाव डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. नमुना चमचाभरही लागत नाही, काही मिनिटांत आकडा हाती येतो.

पण तो आकडा फसवूही शकतो. निफाडच्या थंडीत १० अंशांवर आलेलं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दीडपट चिकट असतं. कण मंदावतात, तापमान यंत्राला चुकीचं सांगितलं, तर ते मोठे भासतात. धुळीचा त्रास त्याहून मोठा. इतक्या बारीक कणांत व्यास दहापट झाला, की उधळलेला प्रकाश दहा लाख पट होतो! धुळीचे मोजके कण हजारो नॅनोकणांना झाकून टाकतात, म्हणून नमुना आधी गाळून घ्यावा लागतो.

आणि आकडा बरोबर आला, तरी तो फक्त आकाराचा. कण कशाचा आहे, पिकाला किती नत्र पोचलं, हे प्रकाश सांगत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत निम्म्या नत्राऐवजी नॅनो युरिया फवारल्यावर गहू आणि भाताचं उत्पादन घटलं. म्हणून कांदा उत्पादकाने साऱ्या रानाची गोणी एकदम कमी करू नये. चार वाफ्यांना शिफारशीची पूर्ण मात्रा द्यावी, शेजारच्या चार वाफ्यांत बाटली वापरून पाहावी आणि काढणीला दोन्हींकडचा कांदा वेगवेगळा तोलावा.