चाळीस मिनिटांची रंगभूमी

टेक्सासमधल्या हायस्कूलचा संघ एकांकिका स्पर्धेला उतरतो तेव्हा नेपथ्य लावायला ७ मिनिटे मिळतात, प्रयोगाला जास्तीत जास्त ४० आणि रंगमंच मोकळा करायला पुन्हा ७. वेळ ओलांडली की संघ बाद, मग अभिनय कितीही उत्तम झालेला असो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी जोडलेली युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग १९१० पासून शालेय स्पर्धा भरवते. १९२६-२७ मध्ये तिने त्यात एकांकिकेची भर घातली. आज हजाराहून अधिक शाळा त्यात भाग घेतात. हायस्कूलमध्ये नाटक शिकवावे कसे, याचे मला पटलेले उत्तर या स्पर्धेच्या नियमावलीत आहे. तिथले काच हेच मुलांचे शिक्षण आहे.

नेपथ्याचेच पाहा. स्पर्धेच्या ठिकाणी राखाडी रंगाचे ठोकळे, पायऱ्या, चौथरे आणि खांब तयार असतात. तेच ठोकळे एका संघासाठी राजवाडा होतात, तर पुढच्या संघासाठी खाणावळ. त्यामुळे श्रीमंत शाळेच्या पैशाला इथे फारसा वाव उरत नाही. या ७ मिनिटांत कोण कुठला ठोकळा उचलणार, कुणाच्या आधी कोण आत जाणार, हे सगळे तालमीत घोटून ठरलेले असते. दिवे आणि ध्वनी विद्यार्थीच सांभाळतात. कानाला हेडसेट लावलेली स्टेज मॅनेजर ‘स्टँडबाय’ म्हणून सावध करते आणि नेमक्या क्षणी ‘गो’ म्हणते. तिने अर्धा क्षण घाई किंवा उशीर केला तर खून होण्याआधीच अंधार होईल किंवा खून होऊनही उजेड राहील. प्रयोग चालू असताना आतून प्रॉम्प्टिंग करायला मनाई आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती इतकी खरी जबाबदारी देणारे दुसरे तास शाळेत फार नाहीत.

याच्या मागे वर्षभराचा अभ्यास असतो, हे महत्त्वाचे. टेक्सासमध्ये हायस्कूल पूर्ण करायला ललित कलांचे एक क्रेडिट सक्तीचे आहे, आणि ते नाट्य विषयातून मिळवता येते. रंगतंत्राचे वेगळे अभ्यासक्रमही आहेत. आपल्याकडे शाळेतले नाटक बहुधा स्नेहसंमेलनापुरते उरते, म्हणून हा फरक डोळ्यांत भरतो. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली सुरू केलेला पुरुषोत्तम करंडक भपक्यापेक्षा संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयाला मान देतो. पण तो महाविद्यालयीन मुलांसाठी आहे. तोवर निम्मे वय निघून गेलेले असते.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, तीन तासांचे शेक्सपिअर ४० मिनिटांत बसवणे म्हणजे नाटकाची कत्तल. वाईट हातांत ती होतेच. पण लेखकाचे हक्क अबाधित असतील तर काटछाटीला प्रकाशकाची परवानगी लागते, आणि कोणता प्रवेश गेला तर शोकांतिका कोसळेल हे ठरवताना मुले संहिता जितकी बारकाईने वाचतात तितकी परीक्षेसाठी वाचत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: स्पर्धा कलेला क्रमांकात कोंबते. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या मुलांचे महिन्यांचे कष्ट एका दुपारी संपतात. निकालानंतर परीक्षक संघाशी प्रयोगाबद्दल सविस्तर बोलतात, हा त्यावरचा अर्धा उतारा. पूर्ण उतारा शाळेच्याच हातात आहे. तोच प्रयोग गावातल्या प्रेक्षकांसमोर पुन्हा करावा, तिथे तिकिटे काढून आलेले आईवडील आणि शेजारी असतात आणि घड्याळाकडे कोणी बघत नाही.

उरतो विषमतेचा प्रश्न. २००९-१० च्या संघराज्य पातळीवरील सर्वेक्षणात अमेरिकेतल्या फक्त ४५ टक्के सरकारी माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षण आढळले, तर संगीत ९१ टक्के शाळांत. राखाडी ठोकळे स्पर्धेतली दरी बुजवतात. ज्या शाळेत नाटकाचा शिक्षकच नेमलेला नाही तिथे ते काहीच करू शकत नाहीत.