लाल शाईचे ऋण

केन्स यांचा रोजगारविषयक ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. लिहिताना त्यांनी रिचर्ड कान यांचा सल्ला सतत घेतला. जोन रॉबिन्सन, हॉट्रे व हॅरॉड यांनी त्याची सर्व मुद्रिते वाचली. हे ऋण केन्स यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपणांस का वाटावे?

विद्यार्थ्याच्या निबंधाखाली ‘ठीक’ एवढाच शेरा मारून मीही वर्षानुवर्षे सुटका करून घेतली. त्याने कोणाचेच लेखन सुधारले नाही. कोणते वाक्य कळले नाही, कोणते विधान पुराव्यावाचून राहिले, एवढे दाखविले तरी पुष्कळ. दुसऱ्याच्या लेखनातील सैल दुवा जो शोधू लागतो, त्याला स्वतःचाही दिसू लागतो. तेव्हा पुढचा मसुदा, मग ते कचेरीतील टिपण का असेना, सहकाऱ्यास दाखवावा. आणि त्याचा मागून घ्यावा.