छातीच्या उंचीवरची फीत

जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे सामान्य माणसाच्या छातीच्या पातळीवर, सागाच्या खोडाभोवती फीत गुंडाळून त्याचा घेर वहीत उतरवणे हा वनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आरंभीचा धडा. आणि हा मार्ग धरणाऱ्या मुलाच्या आईवडिलांपुढे खाकी गणवेश व सरकारी जीप एवढेच चित्र उभे राहत असले, तरी या विद्येचा पाया त्या फितीतच आहे. एका झाडाच्या मापावरून लाकडाचे घनमान, अनेक झाडांवरून कूपाचा, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, अंदाज आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून जंगलाची वार्षिक वाढ कळते. जेवढी वाढ तेवढीच तोड करावी, मूळ भांडवलास हात लावू नये, हे या शास्त्राचे मुख्य सूत्र होय.

हे शास्त्र आपल्याकडे रुजले सरकारी निकडीतून. रेल्वेच्या रुळांखालील स्लीपरांसाठी साग व साल यांची बेसुमार तोड होऊ लागली, तेव्हा १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञास जंगल खात्याचे पहिले महानिरीक्षक नेमण्यात आले आणि १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली. खात्याची दृष्टी प्रथमपासून महसुलावर होती हे खरे. पण झाड मोजून, नोंदून, पुढील पिढीचा हिशेब ठेवून तोडण्याची शिस्तही तिथूनच आली.

महाराष्ट्रात दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. वनसंवर्धन, वनमापन, मृदा, वन्यजीव, लाकडाचे गुणधर्म हे विषय वर्गात जितके शिकायचे तितकेच रोपवाटिकेत नि रानात. पुढे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येते, आणि केंद्रीय परीक्षेतून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनसेवेत जाता येते. जागा मात्र थोड्या, आणि या परीक्षा इतर विज्ञान पदवीधरांनाही खुल्या; म्हणून संशोधन, रोपवाटिका, कागद गिरण्यांसाठीची लागवड, शेताच्या बांधावरील वृक्षशेती यांकडेही विद्यार्थ्याने आरंभापासून नजर ठेवावी. नोकरीबरोबर विद्याही वाढवता येते, याचा दाखला मारुती चितमपल्ली यांचा: कोइमतूरला वनशिक्षण घेऊन खात्यात आलेल्या या अधिकाऱ्याने आदिवासींच्या सहवासात पाखरांची देशी नावे टिपली आणि मराठीला पक्षिकोश दिला.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते काम वेगळेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जी मुखत्यारी पिढ्यानपिढ्या खात्याची होती ती गावाकडे आली. आणि तिच्यासोबत आराखडा आखण्याची, किती तोडावे व किती राखावे हे ठरवण्याची जबाबदारीही आली. अशा ग्रामसभांना गणवेशातला हाकीम नको, फीत धरता येणारा व गावकऱ्यांचे ऐकून घेणारा सहायक हवा, आणि पदवीधराने हे काम कमी प्रतीचे समजू नये. बांबूच्या बेटात कोणता वासा यंदाचा, कोणता पक्का, हे गावातली माणसे दुरून सांगतात; यंदाचे कोंब राखून, बेटाला आधार राहील एवढे पक्के वासे मागे ठेवून बाकीच्यांचा हिशेब त्याने कागदावर उतरवावयाचा, आणि मग तो ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावयाचा.