प्लॅन वाढवण्याआधी वायर तपासा! मेश वाय-फायची खरी स्पीड कशी मोजायची?

आज थोडा तांत्रिक विषय आहे, पण पैसे वाचवणारा आहे.

खाली दुकान, वर घर. नागपुरात महाल, इतवारीकडे अशी घरं भरपूर. माझंही तसंच. जाड भिंतींमुळे वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नव्हतं, म्हणून मेश घेतलं. मेन युनिट दुकानात, दुसरं युनिट वर, मध्ये केबल. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण वर लॅपटॉप वायरने जोडला तरी आकडा ९४ च्या पुढे जाईना. मी ५०० चा प्लॅन घ्यायला निघालो होतो. घेतला असता तरी आकडा ९४ च राहिला असता! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

९४ हा आकडा लक्षात ठेवा

वायरवर टेस्ट घेतली आणि दर वेळी ९३-९५ वरच अडकली, तर समजा की मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक आहे. थोडा वेग डेटाच्या पॅकिंगमध्ये जातो, म्हणून १०० चे ९४ दिसतात. गिगाबिट लिंकवर हाच आकडा साधारण ९४० पर्यंत जातो, अर्थात तेवढा प्लॅन असेल तर.

तपासणी अशी करा

१. मेन युनिटला लॅपटॉप केबलने जोडा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, नाहीतर टेस्ट कशावर झाली तेच कळणार नाही. घरातले बाकीचे डाउनलोड थांबवा. तीन वेळा टेस्ट घ्या आणि आकडे वहीत लिहा.

२. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे जा आणि 'लिंक स्पीड' बघा. १००० हवं. १०० दिसलं तर केबल, लॅपटॉपचा पोर्ट किंवा युनिटचा पोर्ट यातलं काहीतरी कमी पडतंय.

३. आता तोच लॅपटॉप, तीच केबल घेऊन वरच्या युनिटला जोडा. पुन्हा तीन टेस्ट. खाली २८० आणि वर ९४ आले, तर कंपनीला फोन करू नका. गडबड दोन युनिटच्या मधल्या रस्त्यात आहे.

४. मेशच्या ॲपमध्ये वरचं युनिट वायरने जोडलेलं दिसतंय की वाय-फायने, ते बघा. इथे बरेच जण फसतात. तुमचा लॅपटॉप युनिटला वायरने जोडलाय, पण ते युनिटच खाली वाय-फायने बोलत असेल, तर तुम्ही वायरची नाही, हवेतलीच स्पीड मोजताय भाऊ!

दोष कुठे असतो?

माझ्याकडे कनेक्टरमध्ये आठपैकी चारच तारा बसवल्या होत्या. चार तारांवर १०० ची लिंक चालते, पण गिगाबिटला आठही लागतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. दोन्ही टोकांना नवीन कनेक्टर लावले, आठही तारा बसवल्या आणि वर २८० मिळायला लागले. खर्च किरकोळ.

बाकी संशयित म्हणजे मधला जुना १०० चा स्विच, स्वस्त युनिटचे १०० चे पोर्ट आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल. शुद्ध तांब्याची कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते, घराला ती पुरते. गच्चीवरून नेत असाल तर बाहेर वापरायचीच घ्या. आपल्या मे महिन्याच्या उन्हात साधी केबल तडकते.

धंद्याशी काय संबंध?

हिशोब करा. २० जीबीचं व्हिडिओ फुटेज वर इंटरनेटवरून डाउनलोड करायला ९४ च्या वेगाने साधारण २८ मिनिटं लागतात, २८० ने साडेनऊ. रोज अठरा मिनिटं! आणि वाढीव प्लॅनचा खर्च तर दर महिन्याचा.

दुकानात विक्री कमी झाली की आपण लगेच जाहिरात वाढवतो. पण गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत जात असेल तर? आधी अडतंय कुठे ते मोजा, मग खिशात हात घाला.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही घ्या आणि दोनच आकडे लिहा, खालचा आणि वरचा. प्लॅनचा निर्णय त्यानंतर.