मोडता मोडता सावरलेले घर : नाताळ आणि दांपत्यजीवनातील क्षमा

नाताळ जवळ आला की चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून एक ठराविक कथा आपल्यासमोर येते. दुरावलेले दोघे जण ख्रिस्तजयंतीच्या रात्री अचानक भेटतात, गैरसमज घटकाभरात दूर होतो आणि मध्यरात्रीच्या घंटानादाबरोबर सारे काही पूर्ववत होते. अशा कथा मनाला सुखावतात, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या घरात खरोखरच अबोला आहे, ज्यांचा जोडीदार माहेरी किंवा परगावी निघून गेला आहे, त्यांना त्या कथा पुरेशा पडत नाहीत. तुटलेला विश्वास एका रात्रीत सांधला जात नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

मग नाताळचा सण अशा कुटुंबांना काय सांगतो? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण दोन घरांकडे पाहू. पहिले घर नाझरेथचे आहे. दुसरे आपल्या मराठी मुलखातले असून त्याच्या कथेचा एक धागा आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गाशी जोडलेला आहे.

योसेफाचा निर्णय

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्तजन्माची हकिगत सांगताना गव्हाणीपासून आरंभ करीत नाही. तो आरंभ करतो एका मोडण्याच्या बेतात असलेल्या वाङ्निश्चयापासून. मरियेचा योसेफाशी वाङ्निश्चय झाला होता आणि त्या काळच्या यहुदी रीतीप्रमाणे हे बंधन विवाहाइतकेच पक्के मानले जाई. त्यांचा सहवास होण्यापूर्वीच ती गर्भवती असल्याचे योसेफाला समजले. त्याच्या मनाला किती यातना झाल्या असतील याचे वर्णन मत्तय करीत नाही. योसेफ नीतिमान होता आणि मरियेची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने गुपचूप वेगळे होण्याचा विचार केला, एवढेच तो लिहितो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पवित्र मरियेने कोणताही अपराध केलेला नव्हता. त्यामुळे योसेफाने तिला क्षमा केली, असे म्हणता येणार नाही. योसेफाने जे केले ते क्षमेच्याही आधीचे पाऊल होते. आपण दुखावले गेलो आहोत असे वाटत असतानाही त्याने समोरच्या व्यक्तीचा मान राखला, चारचौघांत तिचे नाव घेतले नाही आणि घाईने शेवटचा शब्द उच्चारला नाही. त्या थांबण्यामुळेच देवदूताचा संदेश ऐकण्यास त्याच्याजवळ अवकाश उरला. भिऊ नकोस, असे देवदूताने त्याला सांगितले आणि योसेफाने मरियेला आपल्या घरी नेले. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफावर जे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले, त्यातही त्यांनी योसेफाच्या या स्वीकारशील पितृत्वाचा विशेष गौरव केला आहे.

आगगाडीत मिळालेले पुस्तक

आता आपण दुसऱ्या घराकडे वळू. नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत लोहमार्ग १८८० साली पूर्ण झाला. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी स्थानके घेत हा मार्ग डोंगरगडकडे जातो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; त्या काळी हा सारा मुलूख मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे.

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नावाचे एक तरुण कवी नोकरीच्या निमित्ताने याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. त्यापूर्वी नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले होते. गाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी भेट झाली. गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती पवित्र शास्त्राची प्रत ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाल्याचे टिळकांच्या चरित्रात नमूद आहे. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले.

या प्रवचनातच प्रभू येशूची एक आज्ञा आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्याविषयी कोणाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. टिळकांच्या बाबतीत मात्र या वचनाने आधी वियोग घडवला आणि मग, पुष्कळ उशिरा, समेट.

फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ही वार्ता सारे घडून गेल्यावर समजली. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह बालवयातच झाला होता. पती तापट, उदार आणि न सांगता घर सोडून जाणारे. तरीही तोवर संसार निभावला होता. आता तो मुळापासूनच हादरला. कर्मठ कुटुंबातील स्त्रीच्या दृष्टीने पतीचे धर्मांतर म्हणजे पती जिवंत असताना आलेले वैधव्यच होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरी राहिल्या. हा विरह चार-पाच वर्षे टिकला.

मोकळी असूनही न धरलेली वाट

टिळकांपुढे त्या काळी एक कायदेशीर वाट खुली होती. धर्मांतरामुळे पत्नी किंवा पती सहवासास नकार देत असेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयातून विवाहविच्छेद मिळवता येईल, अशी तरतूद १८६६ च्या कायद्यात होती. ही वाट टिळकांनी धरली नाही. पत्नीने धर्म बदललाच पाहिजे, असा हट्टही त्यांनी धरला नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशाच दांपत्यांविषयी मार्गदर्शन केले आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल, तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये, असे तो सांगतो.

अखेर लक्ष्मीबाई स्वतःच्या मनाने अहमदनगरकडे परत आल्या. मात्र परत आल्या त्या आपल्या अटींवर. जेवणाखाण्याचे सोवळे त्यांनी तसेच पाळले. म्हणजे घर जोडले गेले, पण चूल जोडली गेली नव्हती! टिळकांनी ते मान्य केले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला हे त्यांच्या मनाला पटले आणि एकेक बंधन गळून पडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचा संसार कसा होता, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. त्यांच्या घरी अनाथ मुले वाढली, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवी राहिला. टिळकांचा स्वभाव काही पालटला नाही. घरात जेवढे येई त्याहून अधिक ते देऊन टाकीत. परंतु दोघांमधली भीती नाहीशी झाली होती.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. त्यांचे सुमारे दहा अध्याय लिहून झाले होते. ज्या स्त्रीचा संसार ख्रिस्ताच्या नावाने दुभंगला होता, तिनेच त्या काव्यात ६४ अध्यायांची भर घातली. १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून चालत आलेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती काव्यपरंपरेत ही घटना एकमेव म्हणावी लागेल.

टिळक दांपत्य कॅथॉलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित होते. तथापि विभक्त ख्रिस्ती बांधवांच्या जीवनातील ख्रिस्ताच्या कृपेची संपत्ती आपण आनंदाने मान्य करावी, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशात दिली आहे. त्या भावनेनेच हे उदाहरण आपण घ्यावे.

क्षमा म्हणजे विसरणे नव्हे

लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात पतीचा संताप, विक्षिप्तपणा आणि विरहाचे दिवस यांपैकी काहीच झाकलेले नाही. सारे सांगितले आहे, पण कडवटपणा नाही. उलट हसू आहे. क्षमेची हीच खरी खूण होय. झालेले आठवते, परंतु त्याची धार बोथट झालेली असते.

आपल्या समेटाच्या संस्कारातही हेच क्रमाने घडते. पश्चात्ताप, पापाची कबुली आणि प्रायश्चित्ताद्वारे भरपाई या तिन्हींची आपल्याकडून अपेक्षा असते. पतिपत्नींमध्ये आपण पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्या गाळतो. 'झाले गेले विसरून जा,' असे अपराध करणाराच म्हणू लागतो. हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार मात्र ज्याला दुखावले गेले आहे त्याचा असतो. अपराध करणाऱ्याच्या वाट्याला येते ते म्हणजे चूक नेमक्या शब्दांत मान्य करणे आणि मग दीर्घकाळ, न कंटाळता, विश्वासास पात्र होऊन दाखवणे. 'अमोरिस लेतित्सिया' या १९ मार्च २०१६ च्या प्रेषितीय बोधपत्रात पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबात तीन शब्द आवश्यक मानले आहेत : कृपया, आभार आणि क्षमा. हे शब्द रोजच्या व्यवहारात असतील, तर मोठ्या संकटाच्या वेळी ते ओठांवर येणे सोपे जाते.

ख्रिस्तसभा काय सांगते?

वेगळे राहणाऱ्या दांपत्यांविषयी आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ गैरसमज आहेत. म्हणून १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम ११५१ ते ११५५ यांचा आशय येथे थोडक्यात देणे उपयुक्त ठरेल.

पतिपत्नींनी एकत्र राहणे हे त्यांचे कर्तव्य आणि अधिकारही आहे. व्यभिचारासारखा गंभीर अपराध घडला, तरीही निर्दोष जोडीदाराने ख्रिस्ती प्रेमाने व कुटुंबहिताच्या दृष्टीने क्षमा नाकारू नये, अशी संहिता कळकळीची शिफारस करते. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे.

जोडीदारामुळे पतीच्या, पत्नीच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास संहिता वैध कारण मानते. एरवी त्यासाठी धर्माधिकाऱ्यांचा निर्णय लागतो. परंतु विलंबाने धोका वाढणार असेल, तर स्वतःच्या अधिकारानेही वेगळे होता येते. त्यामुळे मार खाणाऱ्या भगिनीला 'सहन कर, नाताळ आहे,' असा उपदेश करणे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीस धरून नाही. अशा भगिनीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचेही संरक्षण आहे. क्षमा तिने मनात करावी. परत जाण्यापूर्वी मात्र तिच्या सुरक्षिततेची खात्री झालीच पाहिजे.

वेगळे राहूनही विवाहबंधन कायम राहते आणि केवळ वेगळे राहण्याने कोणी पवित्र संस्कारांपासून वंचित होत नाही. निर्दोष जोडीदार दुसऱ्याला पुन्हा सहजीवनात स्वीकारतो, तेव्हा संहिता त्याची प्रशंसा करते. दुसरी संधी देणारे घर दुबळे नसते, असाच याचा अर्थ आहे.

या नाताळात आपण काय करावे?

गोंदिया परिसरात धानाचा हंगाम आटोपला की अनेक कुटुंबांतील माणसे कामासाठी दूरच्या शहरांकडे जातात. महिनोन्‌महिने दूर राहिल्याने संशय, पैशांवरून वाद आणि अबोला घरात शिरतो. नाताळला माणूस घरी येतो खरा, पण तुटलेला संवाद त्याच्याबरोबर येतोच असे नाही. अशा कुटुंबांनी मध्यरात्रीच्या मिस्सेत सारे काही मिटेल, अशी अपेक्षा धरू नये. एक पाऊल मात्र अवश्य टाकावे. जो दुरावला आहे त्याला पत्र लिहावे किंवा फोन करावा, आणि त्यात जुना हिशोब काढू नये. जोडीदाराच्या चुका नातेवाइकांत व शेजारी सांगत फिरणे थांबवावे. योसेफाने तेच केले. समेटाचा संस्कार प्रत्येकाने आपल्या पापांसाठी घ्यावा, जोडीदाराच्या नव्हे. आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. दोघांपैकी एक जण परतला, तर त्याच्या अटी थोड्या वेगळ्या असल्या तरी धीर धरावा. एकाच घरात दोन चुली काही काळ पेटल्या तरी चालतील. दार मात्र उघडे असावे.

ज्यांनी पुष्कळ वाट पाहिली आणि ज्यांच्या दारी अद्याप कोणी परतले नाही, त्यांनी आपल्याला अपयश आले असे मानू नये. समोरच्याचे मन आपल्या हाती नसते. आपले मन मोकळे ठेवणे एवढेच आपल्या हाती असते आणि देवालाही आपल्यापाशी एवढेच हवे आहे. बेथलेहेमात जागा मिळाली नाही, तरी प्रभूने जन्म घेणे थांबवले नाही. मिळाली ती गव्हाण त्याने स्वीकारली.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक दुरावलेल्या घरास धीर, सत्य आणि समेटाची कृपा लाभो, हीच बाळ येशूच्या चरणी प्रार्थना.